खंडेनवमीला धुतलेली जीप

पासलीच्या रतनबाईला गावात कुणी वाईट म्हणत नसे, पण तिच्या तोंडी लागायलाही कुणी जात नसे. कामाला वाघीण. भाताच्या लावणीला तिच्या शेजारी उभी राहिलेली बाई कंबर धरून बांधावर टेकायची, तरी हिची ओळ आपली चाललेलीच. देवाधर्माचीही होती. मंगळवारचा उपास कधी मोडला नाही, मेंगाईला नारळ कधी चुकला नाही. एवढं सगळं असून एक खोट होती. चूक आपली असू शकते, हे तिला लवकर सुचायचंच नाही. भाकरी करपली तर सरपण ओलं, कोंबडी मेली तर शेजारणीची नजर.

नवरा मानसिंग अगदी उलट. चार शब्दांच्या जागी एक बोलणार, आणि एकाच्या जागी नुसता ‘हं’. त्याची वडापची, उतारू भरून न्यायची जीप होती, जुनी, डिझेलवरची, दोन मालक करून त्याच्याकडे आलेली. पासली ते वेल्हे दिवसाला तीन खेपा, बाजाराच्या दिवशी पाच. चालवायचा मानसिंग, पण जीप सांभाळायची रतनबाई. सकाळी पाणी घालायची, तेलाची पट्टी ओढून, पदराला पुसून, परत बुडवून बघायची. लोक गाय पाळतात, तशी तिनं जीप पाळली होती.

आणि त्या गाईचा वैद्य होता उस्मान मिस्त्री. राहायला भोरला, गॅरेजही तिथंच. पण वेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी तो मोपेडला हत्यारांची पिशवी बांधून यायचा. खोऱ्यातल्या झाडून सगळ्या जिपा त्या दिवशी स्टँडबाहेरच्या चिंचेखाली लागायच्या. कुणाचा क्लच, कुणाचा ब्रेक, कुणाचा हॉर्न. संध्याकाळपर्यंत उस्मानचे पाय तेवढे गाड्यांखालून बाहेर दिसायचे. जीपच्या आत चढायचं झालं तर तो चपला खाली काढायचा. समोर मेंगाईचा फोटो लावलेला असे. रतनबाई म्हणायची, “असू द्या वो उस्मानभाई.” तो म्हणायचा, “वहिनी, तुमचं देवघर आहे ते. चपलांनी कसं चढू?”

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. त्या श्रावणात जीपचं मागचं ऑइल सील गेलं होतं. गिअरबॉक्स उतरवायचं काम. वरून पाऊस, खाली चिखल, डोक्यावर प्लास्टिकचा कागद ताणून उस्माननं ते नवीन बसवून दिलं. भादवा गेला, नवरात्र आलं, तेलाचा टिपूस नाही.

खंडेनवमीला रतनबाईनं जीप ओढ्यावर धुतली. दसऱ्याला झेंडूची माळ, कपाळाला बोटं बोटं कुंकू, चाकापुढं नारळ. आणि दोनच दिवसांनी अंगणात जीपखाली हाताएवढा काळा डाग पडला. तिसऱ्या दिवशी परातीएवढा. चौथ्या दिवशी पट्टीला तेलच लागेना. दिवसाला लिटरभर तेल ओतावं लागायला लागलं. जीप पासलीहून निघाली की वेल्ह्यापर्यंत रस्त्यावर ठिपक्यांची रांग. पोरं त्या ठिपक्यांवर पाय देत शाळेत जायची.

पुढच्या बाजाराला रतनबाई तांदळाचं पोतं घेऊन जीपमध्ये बसली ती मनात सगळं घोकतच. आंबेमोहोर विकायला बसायच्या आधी ती तडक चिंचेखाली गेली.

“उस्मानभाई, ही जीप केलीया का तेलाचा घाणा?”

उस्मान एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. हसला. “गळतंय का वहिनी? बघू की.”

“बगायचं काय ऱ्हायलंय? सील तुमीच बशिवलं न्हवं? दोन म्हैनं बी टिकलं न्हाई.”

“सीलच असेल असं नाही. इंजिन धुवायचं, पुसून कोरडं करायचं, वरून पावडर मारायची आणि चालू करायचं. तेल कुठून येतंय ते तेलच दाखवतं. हे एवढं उरकलं की घेतोच.”

“आन् परत तुमाला खोलाय देऊ? ऱ्हायलंय तेवडं बी वाहून जाऊ द्या की!”

शेजारी भिमा जीपवाला बिडी ओढत उभा होता. जिभेचा मोकळा. तो म्हणाला, “वैनी, घाणाच हाय तर उद्या करडई घिऊन येतो. तेवडं तेल काडून द्या.”

सगळे हसले. उस्मानही हसला. मानसिंगसुद्धा मिशीत हसल्यासारखा वाटला. ते हसणं रतनबाईच्या जिव्हारी लागलं. आपण बरोबर असताना आपल्यालाच हसतात म्हणजे काय! आणि मग तिच्या तोंडून ते निघालं.

“हसा. नवमीला धुतली, दसऱ्याला पुजली, देवीचा अंगारा लावला. दोन दिसांत ही अवदसा कुटनं आली? ज्याचा हात लागू नये त्याचा हात लागला, की देव बी ऱ्हात न्हाई त्या गाडीत!”

कोणता हात, ते कुणाला विचारावं लागलं नाही.

“अगं...” मानसिंग म्हणाला.

उस्मानच्या हातात पाना होता. त्यानं तो फडक्याला पुसला. मग दुसरा पुसला. सगळी हत्यारं एकेक करून पिशवीत ठेवली, पिशवी मोपेडला बांधली. दोन गाड्यांचं काम अर्धवट पडलं होतं. त्या गाड्यांकडं त्यानं एकदा बघितलं, “ठीक आहे,” म्हणाला आणि गेला.

रतनबाई तांदूळ विकायला बसली. मापं नेहमीसारखी भरली. तिला वाटत होतं, बरी जिरवली.

पुढच्या बाजाराला उस्मान आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

जीपचं गळणं काही थांबेना. नसरापूरच्या एका मिस्त्रीनं वाकून बघितलं, चुकचुकला आणि म्हणाला, इंजिन खाली उतरवावं लागेल, दहा दिवस गाडी ठेवून जा. सुगी तोंडावर आलेली, दहा दिवस जीप कशी ठेवणार? मानसिंगनं गाडी घरी आणून अंगणात लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, “उस्माननं सांगितलं व्हतं तसं करून बगू.”

रतनबाईला ते नाव नको होतं. पण दुसरा मार्गही दिसत नव्हता.

दोघांनी मिळून इंजिन धुवायला घेतलं. रॉकेल आणि जुना ब्रश. वरचा राडा निघायलाच दुपार झाली. मग कोरड्या फडक्यांनी पुसून पुसून लोखंडाचा रंग दिसू लागला. रतनबाईनं सुनेच्या पेटीतला पावडरचा डबा मागून आणला आणि इंजिनावर, खाली, पुढं, मागं, सगळीकडं भुरभुरवला. काळं इंजिन बारशाच्या बाळासारखं पांढरं दिसायला लागलं. दोघांनाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

मानसिंगनं जीप चालू केली. रतनबाई गोणपाटावर आडवी होऊन खाली शिरली, हातात बॅटरी.

“मागनं येतंय का?” त्यानं वरून विचारलं.

“येतंय.”

“मंग सीलच.”

तिच्या डोळ्यांसमोरच पुढच्या पुलीपाशी पावडरीवर एक काळी रेघ उमटली होती आणि खाली ओघळत होती. “अवो, फुडनं बी येतंय,” ती म्हणाली. ती बाहेर येऊन वर बघते तर वरच्या झाकणाच्या कडेकडेनंही पावडर ओली झालेली. जखम एका जागी नव्हतीच. सगळ्या सांध्यांतून घाम फुटावा तसं इंजिन पाझरत होतं.

“उस्माननं तर मागचंच सील बदललं व्हतं,” मानसिंग पुटपुटला. “फुडं त्याचा हात बी लागला न्हाई.”

‘हात’ म्हटल्यावर रतनबाई दुसरीकडं बघू लागली.

मानसिंगनं गाडी रेस केली. तेवढ्यात तेलाची पट्टी आपोआप वर उचलली गेली, बोटभर, आणि तिच्याखालून तेलाचा बुडबुडा आला. रतनबाईनं ती दाबून बसवली. ती परत वर आली.

तिला एकदम तांबडी गाय आठवली. दोन वर्षांमागं ओला लसूणघास जास्त खाऊन फुगली होती. डाव्या कुशीवर थाप मारली की नगारा वाजावा. पोटातला वारा निघायला वाट नव्हती आणि जनावर चारी पाय ताणून तडफडत होतं.

“हिच्या पोटात वारा कोंडलाय,” ती म्हणाली. “गाय फुगती तसा. त्यो वाट मिळंल तितनं तेल ढकलतोय.”

मानसिंग तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं तेल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवलं. सैल होताच ते ‘फक्’ करून हातातून उडालं आणि आतून धुराचा लोट आला. त्यासरशी खालचं टपटपणं कमी झालं.

“वाट बंद हाय कुटंतरी,” तो म्हणाला आणि त्यानं गाडी बंद केली.

इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर जायला एक नळी असते. ड्रायव्हर लोक तिला ब्रिदर म्हणतात. मानसिंगनं ती सोडवली, तोंडाला लावून फुंकली. गाल फुगले, वारा जाईना. त्यानं पकडीचं टोक आत घातलं, काहीतरी धरलं आणि ओढलं. नळीतून एक काळी, तेलानं थबथबलेली चिंधी बाहेर आली. वीतभर. त्यानं ती रॉकेलात खळबळून मडगार्डवर पसरली. मोरपंखी रंगावर पिवळे ठिपके.

रतनबाईचं ते जुनं पातळ घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. त्याच्या उरलेल्या तुकड्यांची गोधडी अंगणातल्या दोरीवर तेव्हाही वाळत होती.

रतनबाईला खंडेनवमीची सकाळ लख्ख दिसली. मानसिंग वेल्ह्याला झेंडू आणायला गेला होता आणि ती एकटीच जीप धूत होती. इंजिनावर पाणी ओतायच्या आधी भोकं बुजवायची, हे तिला पाठ होतं. हवेच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, नळीत चिंधी कोंबली. पाणी जाऊ नये म्हणून काडीनं आणखी आत सारली. तेवढ्यात वासरू सुटून कुणाच्या तरी भातात शिरलं म्हणून हाका आल्या. ती पळाली. परत आली तेव्हा पिशवी दिसली, ती सोडली. चिंधी दिसत नव्हती, ती आतच राहिली.

मानसिंग चिंधीकडं बघत होता. मग तोंड जीपकडं करून तो म्हणाला, “उंदरानं घातली असंल.”

त्याला कळलं होतं की नव्हतं? तीस वर्षांच्या संसारात तिला त्याच्या पाठीवरून सगळं कळायचं, तेही कळलं. तो तिला वाट करून देत होता.

“व्हय,” ती म्हणाली. “उंदीर लई झाल्यात औंदा.”

नळी साफ झाली. वरच्या झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग दाबानं फाटलं होतं. नवं पॅकिंग घरात होतं, गेल्या साली उस्माननंच ‘असू द्या, कधी लागेल’ म्हणून ठेवायला दिलेलं. मानसिंगनं ते बसवलं. तेल भरलं. परत पुसून परत पावडर मारली आणि वेल्ह्याला एक खेप करून आला. दोघांनी वाकून बघितलं. पुढच्या सीलपाशी जरासं ओलसर होतं. मागं, उस्माननं बसवलेल्या सीलपाशी, पावडर जशीच्या तशी पांढरी.

मानसिंग म्हणाला, “काम झाक केलंय त्यानं.” आणि हात धुवायला गेला.

उंदराची गोष्ट स्टँडवर पोचली आणि लोकांना फार आवडली. भिमानं तर उंदीर शिडी लावून बॉनेटमध्ये कसा चढला, ते करून दाखवलं. रतनबाई हसल्यासारखं करायची. एक दिवस तिनं धीर करून भिमाला विचारलं, “आता तर कळलं न्हवं, सील चांगलं व्हतं? मंग बलवा की उस्मानभाईला. तुमची गाडी बी नसरापूरला न्यावी लागती.”

भिमा जरा घुटमळला. म्हणाला, “सीलचं ऱ्हावू द्या वैनी. पन तुमीच म्हनला व्हता न्हवं हाताचं? आमच्या म्हातारीनं धरलंय ते. म्हनती, रतना देवाची बाई हाय, ती उगा बोलायची न्हाई.”

आपलं बोलणं आपण विसरलो तरी ते दुसऱ्याच्या घरात जाऊन राहिलं होतं, आणि देवाचं नाव सांगून राहिलं होतं. त्या मंगळवारी ती मेंगाईच्या देवळात गेली. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. मागायला तोंड लागतं.

दोन दिवसांनी पायलीभर आंबेमोहोर पिशवीत घालून ती एसटीनं निघाली. फाट्यावर गाडी बदलून भोरला उतरली आणि विचारत विचारत उस्मानच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोनं, जमीलानं उघडलं. उस्मान घरी नव्हता. बाजाराच्या दिवसाचं काम गेल्यापासून तो शिरवळला ट्रकवाल्यांकडं जात होता.

“मी पासलीची रतनबाई,” ती म्हणाली.

जमीलाचा चेहरा बदलला, पण ती बाजूला झाली. “या. बसा.” पाण्याचा तांब्या ठेवला.

रतनबाईनं सगळं सांगितलं. खंडेनवमी, ओढा, चिंधी, वासरू. उंदराची गोष्ट खोटी होती, तेही सांगितलं. “माजंच चुकलं. त्येंना सांगा. माफी करा म्हनावं,” असं म्हणून तिनं तांदळाची पिशवी पुढं सरकवली.

जमीला म्हणाली, “त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. आले आणि मोरीत हात धुवत बसले. दोनदा साबण लावला. मी म्हटलं, किती धुताय? तर म्हणाले, तेल निघत नाही. नंतर बाजारातून आलेल्या एका बाईनं सांगितलं, काय झालं ते.”

रतनबाईनं पदर तोंडाला लावला.

“रडू नका ताई. मी भांडत नाही तुमच्याशी. पण बोललात भर बाजारात, आणि शब्द मागं घ्यायला आलात माझ्या उंबऱ्यात. इथं ऐकणारी मी एकटी.” तिनं पिशवी उचलून रतनबाईच्या हातात दिली. “तांदूळ चांगला आहे. पण आज नको.”

परतीच्या एसटीत रतनबाई ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, “इकायचाय का?” तिनं नुसती मान हलवली.

बाजाराच्या दिवशी ती चिंचेखाली जाऊन उभी राहिली. जीपवाले होते, बाजाराला आलेल्या बाया होत्या, मानसिंग चाकात हवा बघत होता. “आयकता का जरा,” ती म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. जिचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा तिच्या गळ्यातून चिमणीएवढा आवाज निघाला. तिनं डोळे मिटले, देवीचं नाव घेतलं आणि परत म्हणाली. आता सगळे वळले.

“आमच्या जीपचं तेल गळत व्हतं ते उस्मानभाईच्या कामानं न्हाई. धुताना नळीत चिंधी म्या कोंबली आन् काडायची इसरले. सील चांगलं हाय.”

“मंग उंदीर?” भिमानं विचारलं.

“उंदीर मीच.”

हसू फुटलं. भिमा तर गुडघ्यावर हात मारून हसला. मानसिंग चाकापाशी तसाच वाकून राहिला, मान वर न करता. चिंधीचं सांगून झालं होतं. आता जाता आलं असतं. तिचे पाय जायला निघालेही होते.

“आन् दुसरं,” ती म्हणाली. “त्या दिशी म्या त्येंच्या हाताचं बोलले. ते देवाचं नाव घिऊन बोलले. देवीनं मला तसलं काय सांगितलं न्हवतं. माज्या मनात आलं ते म्या तिच्या तोंडी घातलं. त्या हातानं आपल्या समद्यांच्या गाड्या चालल्या. ज्येनी माजं ऐकून त्येंचं काम बंद केलं त्येनी ते माज्यावर घ्या, त्येंच्यावर नको.”

याला कुणी हसलं नाही. चिंधी तिची एकटीची होती. हे मात्र तिथल्या बऱ्याच जणांचं होतं. कुणी टायरकडं बघत होतं, कुणी एसटी आली का ते बघत होतं. भिमानं बिडी पेटवली, विझली, परत पेटवली. म्हातारी धोंडाबाई टोपली खाली ठेवून म्हणाली, “असलं कुनी चव्हाट्यावर सांगतं व्हय गं पोरी? घरचं घरात ठेवावं.”

“बोलले व्हते चव्हाट्यावरच, आत्या,” रतनबाई म्हणाली आणि आपल्या तांदळापाशी जाऊन बसली. त्या दिवशी गिऱ्हाईकांच्या तोंडाकडं तिनं बघितलं नाही. हातांकडं बघून मापं घातली. घरी जाताना जीपमध्ये मानसिंगनं पुढं बसलेल्या माणसाला मागं पाठवून तिला पुढं बसवलं.

त्याच आठवड्यात भिमा भोरला जाऊन आला म्हणे. काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि रतनबाईनं विचारलं नाही.

दोन बाजार तसेच गेले. तिसऱ्या बाजाराला मोपेडचा आवाज आला. रतनबाईनं तो ओळखला आणि मान खाली घालून तांदळातले खडे वेचू लागली. खडे नव्हतेच. उस्माननं भिमाचे ब्रेक केले, मग आणखी एका गाडीचं काही केलं. मानसिंगच्या जीपला त्यानं हात लावला नाही. मानसिंगही पुढं झाला नाही. दुपार कलली तेव्हा पाण्याच्या नळाकडं जाताना तो तिच्या पोत्यासमोर थांबला. तिला आधी त्याचे तेलकट हात दिसले.

“पुढचं सील कोरडं आहे का?” त्यानं विचारलं.

“जरा ओलं हाय,” ती म्हणाली.

“असणारच. एवढ्या दाबानं त्याचा ओठ फाकलाय. आणखी थोडे दिवस निघतील. सुगी झाली की बदलून घ्या.”

ती काहीतरी बोलणार होती. इतके दिवस घोकलेलं किती तरी होतं. तेवढ्यात एक बाई पोत्यापुढं बसली आणि भाव विचारू लागली. रतनबाईनं माप भरलं, ओतलं, परत भरलं. वर बघितलं तेव्हा तो नळावर पोचला होता.

सील कुणाकडून बदलून घ्यायचं, ते तो बोलला नव्हता. आणि उठून विचारायला जावं, एवढा धीर तिला त्या दिवशी झाला नाही.